फुगलेल्या ऑर्डरी आणि खरी मागणी : गेम कन्सोलचा माल किती बनवायचा, हे कसे ठरते?

सोनी कंपनीचे प्लेस्टेशन-५ हे व्हिडिओ गेमचे यंत्र अमेरिका, जपान वगैरे देशांत १२ नोव्हेंबर २०२० रोजी विक्रीस आले. भारतात ते यायला २ फेब्रुवारी २०२१ उजाडला. किंमत ४९,९९० रुपये. आगाऊ नोंदणी १२ जानेवारीला सुरू झाली आणि काही मिनिटांतच संपली. पुढे कित्येक महिने हेच चालले. नोंदणी उघडली की बंद. मिरा रोड-भाईंदरमध्ये ज्या पालकांनी मुलांना ईदीचे पैसे साठवून हे यंत्र घेऊन देण्याचे कबूल केले होते, त्यांना मुंबईच्या बाजारात तेच यंत्र पक्क्या बिलाशिवाय, कंपनीच्या वॉरंटीशिवाय आणि चढ्या भावाने दिसत होते. त्या काळात आमच्या दुकानावर येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या आणि आसपासच्या व्यापारी बांधवांच्या तोंडी एकच गोष्ट असे : कंपनीवाले माल मुद्दाम दाबून ठेवतात, म्हणजे भाव चढतो.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. व्हिडिओ गेम आम्हाला खेळता येत नाही आणि आता शिकण्याची हौसही नाही. पण मागणी ओळखून माल बनवण्याची कसरत सगळ्या धंद्यांत एकाच जातीची असते. कन्सोलच्या धंद्यात ती अधिक उघडी दिसते, कारण सोनी, निन्टेंडो यांसारख्या कंपन्या वर्षाच्या सुरुवातीला किती माल जाईल याचा अंदाज जाहीर करतात आणि दर तीन महिन्यांनी झालेला हिशेब लोकांपुढे ठेवतात. आपल्या बाजारात कोणी असे आकडे देत नाही. म्हणून आम्ही दुसऱ्यांच्या वहीवरून थोडे शिकायचे ठरवले.

प्रथम ती समजूत पाहू. बाजारात यंत्राचा भाव चढला तरी कंपनीला तिचा ठरलेलाच पैसा मिळतो. वरचा नफा मधल्या माणसाच्या खिशात जातो. शिवाय कन्सोल सुरुवातीला जवळजवळ मुद्दलात, कधी कधी तोट्यातही विकले जाते. २००६ साली आलेले प्लेस्टेशन-३ कंपनी उघड तोट्यात विकत होती. कमाई पुढे होते, ती त्या यंत्रावर चालणाऱ्या गेमांतून आणि इंटरनेटवरील वर्गणीतून. एखाद्याने शिलाई मशीन पडत्या भावाने द्यावे आणि सुया, धागा, बॉबिन मात्र आयुष्यभर त्याच्याकडूनच घ्याव्या लागाव्यात, तसा हा मामला आहे. असा माणूस मशीन दाबून कशाला ठेवील? न विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे त्याचे पाच-दहा गेम बुडतात.

मग माल का नसतो? याचे उत्तर वेळेच्या हिशेबात आहे.

कन्सोलचा जीव म्हणजे त्यातली मुख्य चिप. प्लेस्टेशन-५ ची चिप एएमडी या अमेरिकन कंपनीच्या तंत्रावर बेतलेली आणि तैवानच्या टीएसएमसी या कारखान्यात तयार होणारी. सिलिकॉनच्या चकतीवर काम सुरू झाल्यापासून चिप हाती येईपर्यंत तीन महिने किंवा जास्त लागतात. त्यानंतर जोडणी, तपासणी, पेटीत भरणे आणि चीनकडून बोटीने अमेरिका-युरोपपर्यंतचा प्रवास. म्हणजे नाताळच्या आठवड्यात दुकानात जे यंत्र ठेवायचे, त्याचा निर्णय उन्हाळ्यातच झालेला असतो. कारखान्यातली जागा तर त्याहून आधी बांधून घ्यावी लागते. भिवंडीत सूत घेणे, ताणा भरणे, विणणे आणि प्रोसेस हाऊसमधून रंगवून आणणे यात दीड-दोन महिने सहज जातात, आणि तेवढ्यानेच आपली तारांबळ उडते. त्यांचा पल्ला त्याच्या तिप्पट-चौपट आहे.

त्यात आणखी एक अडचण. आपल्याकडे ग्रे माल पडून असला तर निळा नाही चालला, हिरवा रंगवून काढता येतो. कन्सोलची चिप त्या एकाच यंत्रासाठी घडवलेली असते. ती जवळपास कुठेच दुसरीकडे खपत नाही. आणि पेटीतल्या शेकडो भागांपैकी एक नसला तरी पेटी बंद होत नाही. शर्टाचा सारा लॉट शिवून तयार, पण बटणे आली नाहीत म्हणून माल अडकलेला, हे रेडिमेडवाल्यांना सांगायला नको. सन २००० मध्ये अमेरिकेत प्लेस्टेशन-२ निघाले तेव्हा भागांच्या टंचाईमुळे पहिल्या दिवशीचा माल दहा लाखांवरून पाच लाखांवर आणावा लागला. २००६ साली प्लेस्टेशन-३ च्या वेळी डिस्क वाचणाऱ्या निळ्या लेझरचा एक छोटा भाग पुरेसा बनेना, तर युरोपची विक्री नोव्हेंबरवरून थेट पुढच्या मार्चवर गेली. २०२० साली मोटारींच्या कंपन्यांनी टाळेबंदीच्या भीतीने चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या, घरी बसलेल्या जगाने लॅपटॉप आणि फोन मागितले, कारखाने भरले, आणि मोटारवाले परत आले तेव्हा जागा उरली नव्हती. त्या रांगेत सोनीही उभी होती.

कागदावरची मागणी

पण चिप मिळाली म्हणजे प्रश्न सुटला, असे नाही. किती चिप मागायच्या? याचे उत्तर दुकानदारांच्या ऑर्डरी बेरीज करून मिळेल असे नवख्याला वाटते. इथेच सगळ्यात मोठा खड्डा आहे, आणि त्या खड्ड्यात सगळ्यात आधी पडली ती अमेरिकेची अटारी.

१९८० च्या सुमारास अटारीचा माल इतका जोरात होता की घाऊक व्यापाऱ्यांना मागितल्यापेक्षा नेहमी कमी मिळे. ऑक्टोबर १९८१ मध्ये कंपनीने त्यांना सांगितले की १९८२ या संपूर्ण वर्षाची ऑर्डर आताच द्या. व्यापाऱ्यांनी काय केले असेल, हे आमच्या वाचकांनी ओळखलेच असेल. शंभर हवे तर दोनशे लिहिले. निम्मेच मिळणार, मग शंभर तरी हाती लागतील. अटारीने तो कागद खरा मानला. सुमारे एक कोटी यंत्रे लोकांच्या घरी असताना 'पॅकमॅन' या गेमच्या एक कोटी वीस लाख डब्या बनवल्या. म्हणजे यंत्र नसलेले लोकही डबी घेतील, असा हिशेब! 'ईटी' या सिनेमावरचा गेम नाताळ गाठायचा म्हणून जेमतेम पाच आठवड्यांत रचला आणि त्याच्या चाळीस लाखांच्या घरात डब्या काढल्या. १९८२ उजाडल्यावर दुसऱ्या कंपन्यांचा मालही बाजारात आला, व्यापाऱ्यांना पाहिजे तेवढे मिळू लागले, आणि फुगवलेल्या ऑर्डरी एकामागून एक रद्द झाल्या. १९८३ साली अटारीचा तोटा ५३ कोटी ६० लाख डॉलर झाला. न खपलेला माल ट्रकांत भरून न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरला गेला. पुष्कळांना ही दंतकथा वाटे. एप्रिल २०१४ मध्ये ती जागा खणली तेव्हा डब्या खरोखर निघाल्या.

आता भिवंडीकडे या. एखादी जात चालली आणि माल तुटला की आपले बांधव काय करतात? तेच शंभर ताके तीन यंत्रमागवाल्यांकडे लिहून ठेवतात. जो आधी देईल त्याचा घ्यायचा, बाकीच्या दोघांना 'आता नको' म्हणायचे. हे कोणी लबाडी म्हणून करत नाही, हंगाम चुकेल या धास्तीने करतो. पण तीन कारखानदारांना मिळून तीनशे ताक्यांची मागणी दिसते. ते उधारीवर सूत उचलतात, बीम भरतात, दुसऱ्याचे काम नाकारतात. नंतर दोनशे ताके गळतात. कारखानदार निदान ग्रे माल पडत्या भावाने काढील. मीटरवर मजुरी घेणाऱ्या कारागिराचा माग थांबला की त्या आठवड्याची चूल थांबते. आमच्या एका फोनची किंमत असा माणूस भरतो ज्याचे तोंड आम्ही कधी पाहिलेले नसते.

निन्टेंडोने काय केले

जपानची निन्टेंडो अटारीच्या पडझडीनंतर अमेरिकेत शिरली, तिच्या रीती पाहण्यासारख्या आहेत. १९८५ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कचे दुकानदार व्हिडिओ गेम म्हटले की हात झटकत होते, कारण अटारीचा माल त्यांच्या गळ्यात पडला होता. निन्टेंडोने माल चक्क जांगड दिला. विकले तेवढ्याचे पैसे द्या, उरले ते परत. जांगडीत कारखानदाराची जोखीम वाढते हे खरे, पण त्याला एक गोष्ट मिळते जी ऑर्डरीच्या कागदात मिळत नाही : काउंटरवर खरोखर किती उचलले गेले, याची खबर.

त्यांचे यंत्र चालू लागल्यावर मात्र त्यांनी उलट टोक गाठले. बाहेरच्या कंपन्यांना गेम काढायचे असतील तर डब्या निन्टेंडोकडूनच बनवून घ्यायच्या, किमान संख्या ठरलेली, पैसे आगाऊ, आणि अमेरिकेत एका कंपनीने वर्षाला पाचपेक्षा जास्त गेम काढायचे नाहीत. दुकानदारांच्या ऑर्डरीही ते कापून पुरवत. माल कमी पडला तर गिऱ्हाईक थोडे थांबते. जास्त झाला तर भाव तुटतो, आणि तुटलेला भाव परत चढत नाही, हे त्यांचे गणित. दुकानदार चिडत, आणि त्यांचे चिडणे अगदीच गैर नव्हते, कारण ज्याच्या हाती वाटप असते त्याच्यापुढे बाकीच्यांना मान तुकवावी लागते.

याच कंपनीचा एक जुना सौदा आम्हाला फार आवडतो. १९८३ साली जपानात फॅमिकॉम हे यंत्र १४,८०० येनला विकायचे ठरले, पण त्या भावात चिप परवडेना. रिको कंपनीला निन्टेंडोने हमी दिली : दोन वर्षांत तीस लाख चिप घेऊ, भाव दोन हजार येन लावा. त्या काळी जपानात डबी घालून चालणाऱ्या कोणत्याही गेम यंत्राचा एवढा खप झालेला नव्हता. ऐकणाऱ्यांना वेडेपणा वाटला. इथे निन्टेंडोने मागणीचा अंदाज नुसता बांधला नाही, भाव उतरवून ती मागणी स्वतः तयार केली, आणि अंदाज चुकला असता तर भार आपल्याच अंगावर घेतला.

पाठवलेला माल आणि विकलेला माल

कंपन्यांच्या आकड्यांत एक बारकावा आहे. त्यांचा बहुतेक हिशेब व्यापाऱ्याकडे पाठवलेल्या मालाचा असतो. व्यापाऱ्याच्या गोदामात पडलेले यंत्रही त्यात 'विकले गेले'. आमच्या धंद्यात घाऊकवाल्याने किरकोळवाल्याला ताका दिला की त्याची विक्री झाली. पण त्या ताक्यावर कात्री चालली की नाही, हे त्याला पुढच्या हंगामात कळते, आणि तेही पेमेंट अडकल्यावर. शहाणा कारखानदार कात्रीचा हिशेब ठेवतो. कन्सोलवाले आठवड्या-आठवड्याची काउंटरची विक्री पाहतात, दुकानदाराकडे किती आठवड्यांचा माल शिल्लक आहे ते मोजतात आणि त्यावरून कारखान्याला कळवतात.

तरीही अंदाज हलतात. निन्टेंडोने २०१३-१४ या वर्षात वी-यू हे यंत्र ९० लाख जाईल असे धरले होते. जानेवारी २०१४ मध्ये तो आकडा २८ लाखांवर आणला. त्याच निन्टेंडोने २०१७-१८ साठी स्विच एक कोटी धरला, मध्येच एक कोटी चाळीस लाख केला आणि प्रत्यक्षात दीड कोटीच्या वर गेला. सोनीचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. २०२१-२२ चे लक्ष्य एक कोटी ४८ लाख. ते एक कोटी १५ लाखांवर आले, कारण चिप नव्हत्या. २०२३-२४ चे लक्ष्य अडीच कोटी. ते दोन कोटी दहा लाखांवर आले. या वेळी चिप होत्या, गिऱ्हाईक तेवढे नव्हते. दोन्ही वेळा वर्तमानपत्रात बातमी एकच, 'सोनीने अंदाज घटवला'. कारणे अगदी उलटी.

सुरुवातीची टंचाई पाहून मोठी मागणी आहे असे समजणेही धोक्याचे. सेगा कंपनीचे ड्रीमकास्ट नोव्हेंबर १९९८ मध्ये जपानात आले तेव्हा चित्र दाखवणारी चिप पुरेशी बनत नव्हती म्हणून लोक रिकाम्या हाताने परतले. ३१ जानेवारी २००१ रोजी कंपनीने ते यंत्र बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा सुमारे वीस लाख नग शिल्लक होते. ते ९९ डॉलरला काढावे लागले.

आपला नंबर शेवटी का?

माल तोकडा असला की कंपनी तो देशांत वाटते, आणि ज्या देशात गेमांची विक्री जास्त तिकडे आधी पाठवते. भारताचा वाटा लहान. त्यातून आयात शुल्क, आणि कन्सोलवर जीएसटी सुरुवातीला २८ टक्के. तो १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्के झाला. निन्टेंडोचे स्विच २०१७ साली निघाले, तेव्हा भारतात त्याची अधिकृत विक्रीच नव्हती. जिथे सरळ वाट नसते तिथे पायवाट पडते. १९९० च्या दशकात मनीष मार्केट, मुसाफिरखाना आणि लॅमिंग्टन रोडवरून निन्टेंडोच्या जुन्या यंत्राच्या नकला लोकल गाडीने वसई-विरारपर्यंत पोचत. त्या नकलांना अंदाजाची भानगड नव्हती : चिप जुनी, स्वस्त आणि वाटेल तेवढी मिळणारी.

प्लेस्टेशन-५ च्या वेळी नोंदणीत दहा-दहा यंत्रे पटकावून चढ्या भावाने विकणारे जगभर निघाले. आमच्या काही तरुण वाचकांनी विचारले होते की हा एहतिकार, म्हणजे साठेबाजी, होतो का? इमाम अबू हनीफा यांनी एहतिकाराची मनाई अन्नधान्यापुरती मानली, तर त्यांचे शागीर्द इमाम अबू युसूफ यांनी ज्या वस्तूच्या साठ्याने लोकांना त्रास होतो त्या प्रत्येक वस्तूला ती लावली. खेळण्याच्या यंत्रावाचून कोणी उपाशी राहत नाही, तेव्हा फतवा उलेमांनीच द्यावा. व्यापारी म्हणून आम्ही एवढे सांगू की हा माणूस कारखानदाराची नजरही बिघडवतो. दहा नोंदण्या दिसतात तिथे गिऱ्हाईक एकही नसते. आपल्या फिकहमध्ये आगाऊ सौद्याला अटी घातल्या आहेत त्या याच दृष्टीने पाहाव्यात : सलममध्ये पूर्ण रक्कम आधी, मालाचा दर्जा, वजन-माप आणि मुदत ठरलेली, इस्तिस्नामध्ये कारागिराकडून माल बनवून घ्यायचा, पण काय बनवायचे ते आधी स्पष्ट. तोंडी 'लिहून ठेवा' याला त्यात जागा नाही.

२०२५ साली स्विच-२ काढताना निन्टेंडोने जपानात वेगळीच तजवीज केली. आपल्या स्वतःच्या दुकानात चिठ्ठ्या टाकल्या, पण चिठ्ठीत नाव घालण्यासाठी अट अशी की अर्जदार जुन्या स्विचवर किमान पन्नास तास खेळलेला असावा आणि ऑनलाइन सेवेचा एक वर्ष सभासद असावा. दलाल पैसे देईल, पण पन्नास तास खेळून कुठून आणील? तरीही बावीस लाख अर्ज आले. शिवाय जपानसाठी फक्त जपानी भाषेत चालणारे यंत्र ४९,९८० येनला आणि अनेक भाषांचे ६९,९८० येनला ठेवले, म्हणजे स्वस्त माल उचलून परदेशी विकण्यात अर्थ उरला नाही. ५ जून २०२५ रोजी विक्री सुरू झाली. पहिल्या चार दिवसांत जगभरात पस्तीस लाखांहून अधिक यंत्रे गेली. वर्षाचा अंदाज दीड कोटीचा होता, तो नोव्हेंबरमध्ये एक कोटी नव्वद लाख केला.

आमच्या धंद्याला एक पेच जास्तीचा आहे. त्यांचा नाताळ दरवर्षी डिसेंबरातच येतो. आपला रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. ईद-उल-फित्र २०२० साली २५ मेला होती, टाळेबंदीत गेली; २०२५ साली ३१ मार्चला आली, नेमकी वर्षअखेरच्या हिशेबाच्या दिवशी. म्हणून गेल्या मार्चची विक्री पाहून येत्या मार्चचा माल मागवता येत नाही. चंद्राच्या महिन्याची वही वेगळी ठेवावी लागते. आम्ही ती ठेवतो. रमजानच्या पहिल्या दहा दिवसांत कोणत्या ताक्यावर कात्री किती चालली, हे तीत लिहितो, आणि पुढच्या ऑर्डरीचा निम्मा भाग ग्रे मालात ठेवून रंग नंतर सांगतो. बयाणा दिल्याशिवाय भिवंडीला आकडा कळवत नाही. एकाच मालाचा दुसरीकडे सौदा असेल तर पहिल्याला आधी मोकळे करतो.